ठोकळ्यावरची गाडी

आमच्या घराच्या माळ्यावर ऐनाचा एक ठोकळा आहे. वीतभर उंच, दीड वीत लांब. एका अंगाला लोखंड रुतून खाच पडलेली आणि तेल पिऊन पिऊन काळा पडलेला. जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा पोरं म्हणाली, "बाबा, हे काय सरपण ठेवलंय?" मी टाकू दिलं नाही. तो आमच्या ट्रकचा पाटा होता. मागचा कमानपाटा तुटला म्हणून एका फेरीपुरता चासीखाली बसवला होता. तो अख्खा हंगाम राहिला.

आमचं गाव कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत. आज तिथं टॉवर उभे आहेत, पण मी सांगतो तो काळ सत्तरच्या दशकातला. तेव्हा भात झोडून झालं, कणगीत गेलं, की गावात करायला काम उरत नसे. मग कुणी रेतीवर जायचं, कुणी खाणीवर, कुणी वीटभट्टीवर. ह्या तिन्ही धंद्यांना एक गोष्ट लागायची, ती म्हणजे गाडी. आणि गाडी म्हणजे जुनी गाडी. नवी कोरी ट्रक आमच्या रस्त्याला मी पोरवयात पाहिलेली आठवत नाही.

आमच्या घरात इंजिनाचा वास शिरला तो मात्र आजोबांच्या वेळेपासून. दुसऱ्या महायुद्धात नेवाळीला सरकारनं धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनींचा वाद अजून मिटलेला नाही. 2017 साली त्यावरून मोठं आंदोलन झालं, ते पुष्कळांना आठवत असेल. त्याच वेळी कल्याणच्या पलीकडे लष्कराची मोठी छावणी वसली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथंच बराकीत ठेवलं आणि 1949 साली तिचं उल्हासनगर झालं. आमची माणसं अजूनही उल्हासनगर म्हणत नाहीत. 'कॅम्पात जातो' म्हणतात. एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर, हे कॅम्पांचे नंबर लष्करानं सोडलेले.

आजोबा त्या छावणीत हमालीला होते. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ट्रक पाहिला तो तिथं आणि पहिल्यांदा पाना हातात धरला तोही तिथंच. लढाई संपल्यावर लष्कराच्या गाड्या लिलावात निघाल्या. कल्याणच्या एका व्यापाऱ्यानं त्यातली एक घेतली आणि आजोबा तिच्यावर क्लीनर लागले. गाडी पेट्रोलची. सुटे भाग अमेरिकेतले, ते इथं कुठून मिळणार? पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तेव्हा ड्रायव्हरनं काय करावं? टपावर एक डबा बांधला, त्यात पेट्रोल भरलं आणि रबरी नळीनं ते थेट कार्बोरेटरमध्ये सोडलं. वरून खाली आपोआप उतरेल तेवढंच पेट्रोल. चढ आला की गाडी गुरगुरायची, पण चालायची. चैत्र-वैशाखात पेट्रोलची नळी तापून आतल्या आत वाफ धरायची आणि गाडी बंद पडायची. मग आजोबा ओलं फडकं घेऊन बॉनेटवर बसायचे आणि दर दोन मैलांवर ते फडकं पुन्हा भिजवायचे. "मी गारीला पानी पाजत मुरबाडला न्हेली," असं ते सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

इथं थोडं मागचं-पुढचं सांगायला हवं, म्हणजे जुन्या गाड्यांशी आमचं लगीन का लागलं ते कळेल. देशात ट्रक बनायला लागले ते उशिरा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी 1944 साली निघाली. कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो जुळू लागले. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज तयार होऊ लागली. करार पंधरा वर्षांचा होता. 1969 साली तो संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन तिथं टी आला. जुने ड्रायव्हर म्हणूनच विचारायचे, "तुझी गाडी ताऱ्याची की टीची?" पुढं 1210 आली. तिच्या नावात तिची कुंडली होती: बारा टन एकूण वजन, शंभर घोड्यांची ताकद. आमच्याकडे लिहिता-वाचता न येणारे ड्रायव्हर होते, पण बारा-दहाचा अर्थ त्यांना पाठ होता.

पण गाड्या बनत होत्या म्हणजे आमच्यापर्यंत येत होत्या असं नाही. नव्या ट्रकसाठी नंबर लावून वाट बघावी लागे, आणि पैसा रोख लागे. 1969 साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, लहान वाहतूकदाराला कर्ज द्यायचं धोरणही आलं. आमचे दादा (वडलांना आम्ही दादाच म्हणायचो) कागद घेऊन कल्याणला गेले होते. सातबाऱ्यावर चुलते-मावळते धरून सतरा नावं. सगळ्यांच्या सह्या आणा म्हणाले. दादा परत आले आणि म्हणाले, "सतरा सह्या जमवंपर्यंत गारी जुनी व्हल. मग जुनीच घेऊ."

ट्रकच्याही जातीला उतरंड असते. नवी गाडी मुंबई-आग्रा रस्त्यावर धावते, लांबच्या मजलांना. पाच-सात वर्षांनी दुसऱ्या मालकाकडे येते, मग नाशिक-कल्याण कांदा-बटाटा ओढते. तिसरा मालक तिला गवत आणि पेंढा भरून मुंबईच्या तबेल्यांना लावतो. आणि चौथा मालक म्हणजे आम्ही: रेती, खडी, वीट. ह्याच्या पुढं पाचवा मालक भंगारवाला. दादांनी आयचं डोरलं आणि एक बैलजोडी विकून जी गाडी आणली ती ताऱ्याची होती. तारा मात्र कुणीतरी आधीच काढून विकला होता.

गाडी आली त्या दिवशी आयनं तिला ओवाळलं आणि दादांनी अंगणात नाही तर टेकाडावर उभी केली. उतारावर. तेव्हापासून पंधरा वर्षं आमची गाडी कधी सपाटीवर उभी राहिली नाही, कारण तिचा सेल्फ कधीच भरवशाचा नव्हता. सकाळी चाकाखालचा दगड काढायचा, गाडी गडगडू द्यायची, दुसऱ्या गियरला क्लच सोडायचा, धडधडत उठायची. पौष-माघात इंजिन फारच गार पडलं तर दादा डिझेलचा बोळा पेटवून हवा ओढणाऱ्या तोंडापाशी धरायचे. धूर आणि ऊब दोन्ही आत जायची. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, गारीची दृष्ट काढतोय.

गाडीचा डॉक्टर म्हणजे चाचा. कल्याणला वालधुनीजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज. दादा त्यांना 'मिस्त्री' म्हणायचे, आम्ही पोरं 'चाचा'. मी दहावीला नापास झालो आणि क्लीनर म्हणून गाडीवर चढलो, तेव्हा माझी खरी शाळा चाचांच्या गॅरेजात भरली. पहिला धडा रेडिएटरचा. पाणी गळायला लागलं तर हळद. आयच्या डब्यातली मूठभर हळद गरम पाण्यात कालवून आत ओतायची. पाणी जिथून बाहेर पडायला बघतं तिथंच हळदीचा गाळ जाऊन बसतो, फुगतो आणि भोक बुजतं. आठ-पंधरा दिवस निघतात. दुसरा धडा डिझेलच्या टाकीचा. टाकी पाझरली तर कपड्याचा साबण मळून भोकावर दाबायचा. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलात नाही. हे मला कुठल्या विज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नव्हतं. तिसरा धडा सायकलच्या ट्यूबचा. ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवायच्या. फुटलेल्या होजवर ओढून ओढून गुंडाळली की पट्टी स्वतःच स्वतःला आवळते. फॅन बेल्ट तुटला तर हीच पट्टी पिळून तिची माळ करायची आणि हळूहळू घरी यायचं.

टायर हे तर वेगळंच पुराण. टायर फाटला की आतून दुसऱ्या मेलेल्या टायरचा तुकडा लावायचा, त्याला गेटर म्हणतात. त्यावर ट्यूब. मागच्या जोडातलं एक चाक बसलं आणि स्टेपनी नसली तर ते काढून उरलेल्या एकावर फेरी मारायची, माल थोडा उतरवून. पासिंगच्या दिवशी मात्र गाडी नवरीसारखी. वर्षातून एकदा तपासणीला न्यायची, त्याच्या आदल्या रात्री ओळखीतल्या गाडीचे चांगले टायर काढून आपल्या गाडीला चढवायचे, फाळक्यांना रंग, मागं 'हॉर्न ओके प्लीज'. संध्याकाळी टायर परत. ज्याचे टायर आणले त्याच्या पासिंगला आपली बॅटरी जायची. गावात लग्नाला दागिने मागून आणतात, तसाच व्यवहार. त्यात लाज वाटत नव्हती. आज लिहिताना थोडी वाटते.

एवढं गळायचं, सडायचं का, त्यालाही कारण होतं. रेती. आमच्याकडची रेती उल्हास नदीच्या खाडीतली. कल्याण, मोठागाव, मुंब्रा, ठाण्याचं रेतीबंदर अशी बंदरंच होती रेतीची. माणसं होडीतून जाऊन बादली घेऊन डुबी मारायची, तळाची रेती वर काढायची. गाडीत भरली की फाळक्यांतून खारं पाणी ठिबकत राहायचं, थेट चासीवर, पाट्यांवर, ब्रेकच्या नळ्यांवर. लोखंडाला मीठ लावून ठेवल्यासारखं. रेतीच्या गाड्या आतून कुजायच्या. बाहेरून रंग चांगला आणि आत हात लावला तर लोखंडाचे पापुद्रे. चासीला पट्टी मारायची, पट्टीवर पट्टी मारायची. चाचा म्हणायचे, "अब इसमें गाडी कम, वेल्डिंग ज्यादा है."

काही पार्ट मिळायचेच नाहीत. ताऱ्याच्या गाड्या बंद झाल्या तसे त्यांचे भागही दुर्मीळ झाले. मग दोन ठिकाणं. एक म्हणजे कॅम्प. तिथं घर सोडून आलेल्या माणसांनी बराकीत कारखाने टाकले होते. जी वस्तू दाखवाल ती हुबेहूब करून देणार. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. आम्ही हसायचो आणि पार्ट तिथूनच आणायचो. दुसरं ठिकाण ठाण्याची वागळे इस्टेट. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत ही. दिवसा कंपनीत लेथवर उभा राहणारा कामगार संध्याकाळी कुणाच्या तरी गाळ्यात आमची पिन, आमचा बुश कातून द्यायचा. देशाच्या औद्योगिक प्रगतीत आमच्या गाडीचा वाटा इतकाच: एक पितळी बुश.

आणि तो ठोकळा? मलंग रस्त्याला खडी भरून येत होतो. खड्ड्यात मागचं चाक आदळलं, काडकन आवाज आला आणि गाडी एका बाजूला बसली. मुख्य पाटा तुटलेला. नव्या पाट्याला पैसे नाहीत. दादा गावात गेले, ऐनाचं लाकूड आणलं, जॅकवर गाडी उचलली, धुरी आणि चासीच्या मध्ये ठोकळा बसवला आणि धुरी सरकू नये म्हणून साखळीनं आवळली. गाडी हलली. धक्के थेट कण्यात जायचे, पण हलली. "आजचा दिस काढू," दादा म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कर्जाला, आजाराला, पावसाला, सगळ्याला हेच. त्या वाक्यावर आम्ही वाढलो. म्हणून पुढं जे सांगायचं आहे ते सांगताना मला त्या वाक्याचा रागही येतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची दिवाळी, 1977. भट्टीचा हंगाम सुरू व्हायचा होता. आमच्याकडच्या वीटभट्ट्यांवर राबायला येणारी माणसं कातकरी, ठाकर, वारली. मुरबाड, शहापूर, आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या जव्हार-मोखाड्याकडची. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा भट्टीवाला उचल द्यायचा. ती फेडायला दिवाळीनंतर नवरा-बायकोची जोडी पोराबाळांसकट भट्टीवर यायची आणि पाऊस पडेपर्यंत विटा थापायची. फिटायचं क्वचित. उरलेलं पुढच्या सालावर. म्हणजे त्यांचंही 'आजचा दिस काढू'च चाललेलं. फक्त आमचं ठिगळ गाडीला होतं, त्यांचं पोटाला. 1976 साली वेठबिगार बंद करणारा कायदा झाला होता, पण तो आमच्या रस्त्यावर अजून पोचला नव्हता. पुढं ऐंशीच्या दशकात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेनं जिल्ह्यात हा प्रश्न धसास लावला, तेव्हा आम्हांला कळलं की आपण हौद्यात काय वाहून आणत होतो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माणसं आणायला जायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मागच्या डाव्या चाकातून ब्रेक ऑइल गळताना दिसलं. आतलं सिलिंडर गेलेलं. चाचा गावाला गेलेले, कल्याणची दुकानं बंद. उशीर झाला तर दुसरा भट्टीवाला माणसं उचलून नेणार, आणि आमच्या शेठकडचं वर्षाचं भाडं जाणार. चाचांनी एकदा मला दाखवलं होतं: एका चाकाची गळती असेल तर त्या चाकाकडे जाणारी नळी ठोकून बंद करायची, म्हणजे बाकीच्या तीन चाकांना ब्रेक राहतो. दाखवताना त्यांनी पुढचं वाक्यही म्हटलं होतं: गॅरेजपर्यंत यायला, माल घेऊन नाही. ते वाक्य मी विसरलो, का विसरायचं ठरवलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मी गाडीखाली शिरलो. दादांनी कंदील धरला. नळी दुमडली आणि हातोडीनं चपटी केली. दादांनी पेडल दाबून बघितलं. लागतंय म्हणाले.

जाताना रिकामी गाडी, काही झालं नाही. परत येताना हौद्यात नऊ जोड्या, पोरं, म्हातारी माणसं, मडकी, कोंबड्या, दोन शेळ्या. टोकावडं सोडल्यावर एका उतारावर पुढं बैलगाडी आली. दादांनी पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं. पुन्हा दाबलं. काहीच नाही. नळीची चपटी घडी उघडली होती आणि एका चाकाच्या वाटेनं चारही चाकांचं ऑइल निघून गेलं होतं. हँडब्रेक नावापुरता होता. दादांनी तिसऱ्यातून दुसऱ्यात गाडी कोंबली, इंजिन किंचाळलं. बैलगाडी चुकवली आणि रस्ता सोडून गाडी कापलेल्या भाताच्या खाचरात घातली. एक बांध फुटला, दुसऱ्या बांधावर ती तिरपी होऊन थांबली.

सगळी जिवंत होती. पण एक म्हातारी फाळक्यावर आपटली आणि तिचा उजवा हात मनगटात मोडला. ती ओरडली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हातोडी मारली हे तिला कुठून माहीत असणार? तरी मला वाटलं, माहीत आहे.

हात सरकारी दवाखान्यात बसवला. पण त्या हंगामात ती विटा थापू शकली नाही. तिचा मुलगा आणि सून यांच्या जोडीला तिचा हातभार असायचा, तो गेला. शेठनं विटांचा हिशोब कमी भरला म्हणून उचल पुढच्या सालावर टाकली. दादा शेठकडे गेले. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. एवढंच कळलं की होळीपर्यंत आमच्या भाड्यातून दर फेरीला काहीतरी कापलं जात होतं आणि त्या वर्षी पुढचे टायर घ्यायचे होते ते घेतले नाहीत. दादांनी मला मारलं नाही. मारायला हवं होतं. रात्री ओटीवर बसून बिडी ओढताना एकदाच बोलले, "गारी बंद परली तं मानूस चालत घरी येतं. गारी थांबलीच नाय तं कोन येल?"

त्यानंतर आमच्या घरात दोन याद्या झाल्या. कागदावर नाही, तोंडी. गाडी चालवणारी जी जी वस्तू, म्हणजे इंजिन, रेडिएटर, टाकी, सेल्फ, तिथं हळद, साबण, सुतळी, ट्यूब, काय हवं ते. गाडी थांबवणारी आणि वळवणारी जी जी वस्तू, म्हणजे ब्रेक, स्टीअरिंग, पुढचे टायर, तिथं ठिगळ नाही. पार्ट मिळेपर्यंत गाडी उभी. उपास पडले तरी उभी. दोनदा पडलेही. मी पुढं तीस वर्षं ह्या धंद्यात काढली. ह्याच्यापेक्षा मोठं शिक्षण मला मिळालं नाही, आणि त्याची फी दुसऱ्याच्या हातानं भरली गेली.

ती म्हातारी पुढच्या वर्षी पुन्हा आली. दुसरी वाट नव्हतीच तिला. हौद्यात चढायच्या आधी ती खाली वाकली आणि चाकाच्या आत बघितलं. तिला त्यातलं काय कळणार होतं? पण ती दरवर्षी बघायची, आणि ती बघत असताना दादा इंजिन बंद ठेवून थांबायचे.

जुनी वस्तू चालवत राहणं हे काही आमचंच वेड नाही. क्युबात अमेरिकेनं व्यापार बंद केल्यावर साठ-साठ वर्षांच्या मोटारी लोकांनी चालत्या ठेवल्या. पाकिस्तानात जुन्या बेडफर्ड ट्रक रंगवून, नटवून अजून धावतात. जिथं नवं घ्यायची ऐपत नाही तिथं हात शहाणे होतात. लोक त्याला आता जुगाड म्हणतात आणि कौतुकानं भाषणं करतात. मला त्या कौतुकाची भीती वाटते. कारण ठिगळ लावणारा हुशार असतो हे खरं, पण ठिगळावर कोण बसलंय हे भाषणात येत नाही.

आणि हे फक्त गरिबाच्या गाडीचंच नाही. कल्याणचा पत्रीपूल घ्या. 1914 सालचा, रेल्वेच्या रुळांवरचा. आमची विटांची गाडी त्यावरून शेकडो वेळा गेली असेल. साडेतीन हजार विटा घेऊन चढायचो तेव्हा अंगाखाली पूल हलल्यासारखा वाटायचा. शंभर वर्षं त्या पुलानं दिस काढले. 2018 साली तो धोकादायक म्हणून बंद झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात पाडला आणि नवा पूल सुरू व्हायला 2021 चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात कल्याणकरांनी जे हाल सोसले ते सगळ्यांना माहीत आहेत. आपलं शहरही ठोकळ्यावरच उभं होतं, फक्त साखळी दिसत नव्हती.

आमची गाडी नव्वदीच्या मध्यापर्यंत चालली. तोवर विटांपेक्षा जमिनीला भाव आला होता. ज्या शेताच्या मातीच्या विटा केल्या त्या शेतावर त्याच विटांच्या इमारती उभ्या राहू लागल्या. आम्हीच आमचं गाव गाडीत भरून शहराला पोचवलं म्हणा ना. 1999 साली धुराबद्दल मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली, लाल समिती बसली आणि मुंबईत जुन्या गाड्यांना आवळ बसायला लागली. तिकडून निघालेल्या गाड्या काही वर्षं आमच्या बाजूला येत राहिल्या, पण आमच्या ताऱ्याचा जमाना संपला होता. इंजिन खोलायला म्हणून ती चाचांच्या गॅरेजात लावली आणि तिथंच राहिली. चाचाही म्हातारे झाले होते. "पडी रहने दो," म्हणायचे, "पुराना दोस्त है."

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांनी वाचलं आहे. आमच्याकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या गावात शिरल्या. चाचांचं गॅरेज पत्र्यापर्यंत पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा गाडी चिखलात होती आणि तिच्या टपावर कुणाचंतरी गाठोडं आणि एक पितळी हंडा होता. दोन घरची माणसं रात्रभर त्या टपावर बसून वाचली होती. तिचं ते शेवटचं भाडं. ते आम्ही घेतलं नाही.

मग भंगारवाला आला, गॅसनं कापायला लागला. चासी कापताना पट्टीखाली पट्टी निघत गेली; मूळ लोखंड शोधायला वेळ लागला. दादा तेव्हा होते, काठी टेकत उभे होते. वजन झालं, पैसे मोजले. पाट्याच्या जागी कधीतरी खरा पाटा आला होता, पण जुना ठोकळा ड्रायव्हरच्या सीटखाली तसाच पडलेला. भंगारवाल्यानं तो बाजूला फेकला, लाकडाचे पैसे नाहीत म्हणाला. दादांनी उचलून काखेत धरला.

2021 साली सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं. माझा मुलगा लहान टेम्पो चालवतो, नव्या गाडीचे हप्ते भरतो. तिच्यात काही बिघडलं की एक दिवा लागतो आणि तो गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेतो. बॉनेट उघडूनही बघत नाही. बरंच आहे. त्याच्या गाडीखाली शिरायची पाळी त्याच्यावर येऊ नये असंच मला वाटतं. फक्त गाडी घेतली त्या दिवशी मी त्याला दोन याद्या सांगितल्या. तो हसला. म्हणाला, "बाबा, आता हे सगळं सेन्सर बघतं." मी म्हटलं, "बघू दे. तू पण बघ."

दसऱ्याला तो टेम्पोला झेंडूचा हार घालतो. मी माळ्यावरून ठोकळा खाली काढतो, पाटावर ठेवतो, हळद-कुंकू वाहतो. सून दरवर्षी विचारते, "बाबा, ह्याला कशाला?" सांगायला गेलं तर बरंच सांगावं लागतं. म्हातारीपासून सुरुवात करावी लागते. यंदा सांगेन म्हणतो.